कोरेशही मशीहाच होता: यशया ४५ आणि येशूच्या देवत्वाचा प्रश्न

शाईचा_डाग

परवा रोमकरांस पत्र पुन्हा वाचायला घेतलं होतं. हे नव्या करारातलं, प्रेषित पौलानं लिहिलेलं पत्र. दहाव्या अध्यायात पौल आधी म्हणतो, येशू प्रभू आहे असं तोंडानं कबूल करा. आणि चारच ओळी पुढे, जो कोणी प्रभूच्या नावाचा धावा करील तो तरेल. ही दुसरी ओळ कुठेतरी वाचलेली होती. शोधली तर योएल २:३२ निघाली. पण तिथे 'प्रभू' नाही, 'परमेश्वर' आहे. हिब्रूत त्या जागी योद-हे-वाव-हे ही चार अक्षरं आहेत, म्हणजे धर्मनिष्ठ यहुदी आजही जे तोंडानं उच्चारत नाहीत ते नाव.

मराठी वाचकाच्या हातून हा सांधा निसटतो. जुन्या करारात ते नाव आलं की आपण 'परमेश्वर' वाचतो. नव्या करारात ग्रीक 'कुरिओस' आला की भाषांतरकार कधी 'प्रभू' लिहितात, कधी संदर्भ पाहून 'परमेश्वर'. दोन वेगळे शब्द म्हटल्यावर आपल्याला दोन वेगळे जण वाटतात. पौलाच्या श्रोत्यांना शास्त्र ग्रीकमध्ये ऐकायची सवय होती. परमेश्वराच्या नावाच्या जागी त्यांच्या कानावर 'कुरिओस' यायचं आणि येशूच्या नावामागेही 'कुरिओस'च.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण मशीहाच्या देवत्वावर वाद निघाला की दोन्ही बाजू उपाध्यांवर तुटून पडतात. 'मशीहा' म्हणजे देव, 'देवाचा पुत्र' म्हणजे देव, झालं सिद्ध! तसं ते होत नाही. मशीहा म्हणजे अभिषिक्त, डोक्यावर तेल ओतलेला. अहरोन अभिषिक्त होता, शौल होता, दावीद होता. 'देवाचा पुत्र' तर अख्ख्या इस्राएलाला म्हटलंय (निर्गम ४:२२) आणि दाविदाच्या गादीवर बसणाऱ्या मुलालाही (२ शमुवेल ७:१४). या उपाध्या माणसांच्याच आहेत.

कळस म्हणजे यशया ४५:१. तिथे परमेश्वर ज्याला 'माझा अभिषिक्त' म्हणतो तो यहुदीसुद्धा नाही. तो पारसाचा, म्हणजे पर्शियाचा, राजा कोरेश (सायरस). त्यालाच पुढे सांगितलंय की तू मला ओळखत नव्हतास. परमेश्वराला न ओळखणारा मशीहा!

आणि त्याच अध्यायाच्या शेवटाकडे, तेविसाव्या ओळीत, परमेश्वर स्वतःची शपथ वाहतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. मधल्या ओळींत 'माझ्यावाचून दुसरा कोणी नाही' हे पुन्हापुन्हा बजावलंय. अख्ख्या शास्त्रात एकेश्वरवाद याहून करडा क्वचितच सापडेल. फिलिप्पैकरांच्या पत्रात (२:१०-११) नेमकी हीच ओळ उचलून येशूच्या नावापुढे ठेवली आहे.

म्हणजे या एका अध्यायात मशीहापद एका परक्या राजाला दिलंय, आणि गुडघे टेकण्याचा मान परमेश्वरानं कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलंय. पौलानं येशूला दिला तो हा दुसरा. मला वाटतं देवत्वाचा दावा शोधायचा तर तो इथे शोधावा, 'ख्रिस्त' या शब्दात शोधून हाती काही लागत नाही.

चुकत असेन तर सांगा. भक्तिपर किंवा द्वेषपर लिहू नये एवढीच विनंती.

ओसरी

वाचतेय. मला कायम पडणारा प्रश्न विचारून ठेवते: येशू स्वतः 'मी देव आहे' असं कधी म्हणाला का?

तिरपागडा

एवढा खल कशाला? ३२५ साली नायसियाला सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशप गोळा केले, मतदान घेतलं आणि येशूला देव करून टाकलं. त्याआधी तो एक चांगला गुरू होता. विषय संपला.

शाईचा_डाग

@तिरपागडा, हे प्रत्येक धाग्यावर येतंच, म्हणून एकदा नीट लिहितो.

फिलिप्पै आणि करिंथची पत्रं इसवी सनाच्या पन्नाशीच्या किंवा साठीच्या दशकातली, नायसियाच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीची. बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवतो की ही मंडळी पहाटेच्या आधी जमून ख्रिस्ताला देवासारखी गीतं गातात. तो काही ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांना शिक्षा करत होता. इस्राएलातल्या मगिद्दोला तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये तिसऱ्या शतकातली मोझेक फरशी सापडली. अकेप्टूस नावाच्या बाईनं 'देव येशू ख्रिस्ताला' मेज अर्पण केल्याचा ग्रीक लेख तिच्यावर आहे.

नायसियात भांडण वेगळ्याच गोष्टीवर होतं. ज्याच्या मतावरून वाद पेटला तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस येशूला नुसता गुरू म्हणत नव्हता. जगाच्या आधीपासून असलेला, ज्याच्याद्वारे जग घडलं असा पुत्र त्यालाही मान्य होता. त्याचं म्हणणं एवढंच की हा पुत्र घडवलेला आहे, 'तो नव्हता असा एक काळ होता'. उलट बाजूनं 'होमोऊसिओस' हा शब्द रेटला, म्हणजे पित्याशी एकाच सत्त्वाचा. हा शब्द बायबलात नाही, आणि त्यावर कित्येक बिशप मनातून नाखूश होते. शेवटपर्यंत सही न करणारे बिशप मात्र दोनच राहिले.

आणि सम्राटाबद्दल म्हणाल तर, कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ साली मरणशय्येवर झाला, तोही निकोमेदियाच्या युसेबियसच्या हातून. हा युसेबियस आरियसच्या गोटातला! नायसियाचा कैवारी अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. राजसत्तेनं देव घडवला म्हणावं तर राजसत्ता बराच काळ विरुद्ध बाजूला होती.

तिरपागडा

मतदानाचं सोडा. ते मी कुठल्यातरी कादंबरीत वाचलं होतं, मागे घेतो. अडीचशे वर्षं आधीपासून लोक त्याला पूजत होते हे मान्य. पण लोक कुणालाही पूजतात. त्यानं काय सिद्ध होतं?

शाईचा_डाग

लोक कुणालाही पूजतात हे खरंच. रोमी लोक तर सम्राट मेला की त्याला देव करत. पण इथे पूजणारे सुरुवातीचे लोक यहुदी आहेत, रोज 'हे इस्राएला, श्रवण कर, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच' (अनुवाद ६:४) म्हणणारे. त्यांच्यात हे घडावं याचंच मला कोडं आहे.

काठावरचा

मी या विषयाकडे यहुदी बाजूनं पाहतो, श्रद्धेनं नव्हे तर अभ्यासानं. धागाकर्त्यानं उपाध्या बाजूला ठेवल्या हे बरं केलं, कारण ख्रिस्ती पुस्तिकांत नेहमी येणारे पुरावे बघता बघता गळून पडतात.

यशया ९:६ मध्ये बाळाचं नाव 'समर्थ देव' ठेवलंय. पण हिब्रू नावं अशीच वाक्यांसारखी असतात, त्यातला देव म्हणजे नाव धारण करणारा माणूस नसतो. हिज्कीया या नावाचा अर्थ 'परमेश्वर बळ देतो'. यहुदी परंपरेत ती ओळ बहुधा याच हिज्कीया राजाला लावली आहे.

यिर्मया २३:६ मध्ये दाविदाच्या अंकुराला 'परमेश्वर आमची धार्मिकता' असं नाव आहे. पुस्तिका म्हणतात, बघा, मशीहाला परमेश्वराचं नाव! दहा अध्याय पुढे, ३३:१६ ला, तेच नाव यरुशलेम नगरीला दिलंय. मग नगरीही देव का?

स्तोत्र ११०:१, 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो'. दुसऱ्या 'प्रभू'साठी हिब्रूत 'अदोनी' आहे. हे रूप धन्याला, राजाला, नवऱ्याला वापरतात. देवासाठी 'अदोनाय'.

बाराव्या शतकात यहुदी पंडित मैमोनिदेस स्वच्छ लिहून गेला की मशीहा राजानं चमत्कार दाखवावेत, मेलेले उठवावेत अशी अपेक्षा धरू नका. तो राजा आहे, माणूस आहे. तोरा (मोशेचं नियमशास्त्र) पाळेल, लढाया लढेल, मंदिर बांधेल. हिब्रू शास्त्रातून सरळ निघणारा मशीहा तो हाच.

व्याकरणवेडी

एक बारीक दुरुस्ती. अदोनी की अदोनाय हा फरक स्वरचिन्हांचा आहे. व्यंजनं तीच. ती चिन्हं मासोरेत पंडितांनी, म्हणजे हिब्रू शास्त्राचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, पहिल्या शतकाच्या पुष्कळ नंतर घातली. पण उच्चाराची परंपरा जुनी असणार, आणि ग्रीक भाषांतरातही 'माझ्या प्रभूला' असंच आहे. त्यामुळे काठावरचा यांचा मुद्दा कमकुवत होत नाही, फक्त 'हिब्रूत लिहिलंय' म्हणताना जपून.

शाईचा_डाग

@काठावरचा, यिर्मया ३३:१६ मला माहीत नव्हतं. आत्ता उघडून पाहिलं. पटलं, तो पुरावा मी यापुढे वापरणार नाही. यशया ९:६ बद्दल अर्धा सहमत. 'एल गिब्बोर' (समर्थ देव) हेच शब्द पुढच्याच अध्यायात (१०:२१) खुद्द परमेश्वरासाठी आलेत, त्यामुळे नाव म्हटलं तरी जरा जडच आहे. पण त्यावर इमारत उभी करू नये.

दानीएल ७ चं काय मात्र? तिथे 'आसने' मांडली जातात, अनेकवचनात. पुराणपुरुष, म्हणजे देव, एकावर बसतो. मग आकाशातल्या मेघांसह 'मनुष्याच्या पुत्रासारखा' कोणी येतो आणि त्याला सर्व राष्ट्रांवर कायमचं राज्य मिळतं. हिब्रू शास्त्रात मेघांवर स्वार होणारा सहसा परमेश्वरच असतो. दुसरं आसन कुणाचं, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी उकरून काढलेला नाही. तालमूदमध्येच, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या यहुदी ग्रंथात, रब्बी अकीवा म्हणतो: एक त्याच्यासाठी, एक दाविदासाठी.

काठावरचा

अकीवाचं वाक्य पुरं सांगा ना! लगेच गालीलकर रब्बी योसे त्याला झापतो, 'अकीवा, देवाच्या सान्निध्याचा असा अवमान किती दिवस करशील?' आणि तोडगा काढतो: एक आसन न्यायाचं, एक दयेचं, दोन्ही त्याचीच. याच अकीवानं पुढे रोमविरुद्धच्या बंडाचा पुढारी बार कोखबा याला मशीहा म्हटलं. त्यावर एक सहकारी रब्बी त्याला म्हणाला, अकीवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. १३२ ते १३५ चं बंड कसं चिरडलं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि याच अध्यायाच्या अठराव्या व सत्ताविसाव्या ओळीत तेच राज्य 'परात्पराच्या पवित्र जनांना' मिळतं. म्हणजे मनुष्याचा पुत्र हे इस्राएलाचं प्रतीक आहे, चार पशू जशी चार राज्यं तसं. स्वप्नाचा अर्थ स्वप्नातच सांगितलेला असताना बाहेरून कशाला आणायचा?

शाईचा_डाग

प्रतीक आहे हे खरं, पण योसेला झापावंसं वाटलं यातच काहीतरी आहे. त्या ओळीतून दुसरा कोणीतरी सिंहासनावर बसलेला दिसू शकतो हे दोघांनाही दिसत होतं. एकाला चाललं, एकाला नाही चाललं.

हनोखाच्या पुस्तकातले दृष्टान्तही बघा, हे बायबलाबाहेरचं जुनं यहुदी पुस्तक. त्यात मनुष्याचा पुत्र सूर्य-तारे घडण्याआधी नाव दिलेला आहे आणि गौरवाच्या सिंहासनावर बसतो. हा भाग पूर्ण स्वरूपात इथियोपियाच्या जुन्या गीझ भाषेतच टिकला आणि मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत, जिथे यहुदी गुंडाळ्या सापडल्या, तिथे मिळाला नाही, त्यामुळे तारखेवर वाद आहे. कुमरानमध्ये मात्र दुसरीच गंमत सापडते. उत्पत्तीतला याजक-राजा मलकीसदेक याच्यावरच्या एका गुंडाळीत स्तोत्र ८२ मधला 'देव' हा शब्द मलकीसदेकाला लावलाय. म्हणजे त्या काळच्या यहुदी मनात स्वर्गाची दारं आपण समजतो तितकी घट्ट बंद नव्हती. याच समाजाच्या दुसऱ्या लेखनात दोन मशीहांची वाट पाहिली आहे, एक अहरोनाचा, एक इस्राएलाचा. एकच ठरीव साचा कुणाकडेच नव्हता.

पाऊसवाट

छान चाललंय. वाचनखूण साठवली.

दुसरी_बाजू

मी ख्रिस्ती आहे, येशूला मशीहा आणि प्रभू मानतो, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाही. आमच्यासारखे थोडे आहेत, पण आहेत. म्हणून तिसरीच बाजू मांडतो.

धागाकर्ते म्हणतात परमेश्वराच्या ओळी येशूला लावल्या. मान्य. पण लावल्यामुळे तो परमेश्वर होतो का? पाठवलेला माणूस पाठवणाऱ्यासारखाच, ही यहुदी रीत आहे. मोशेला परमेश्वर म्हणतो, 'मी तुला फारोसाठी देव केलं आहे' (निर्गम ७:१). शलमोन 'परमेश्वराच्या सिंहासनावर' बसला (१ इतिहास २९:२३). आणि त्याच्या तीन ओळी आधी वाचा: लोकांनी परमेश्वराला आणि राजाला नमन केलं. एकच क्रियापद, दोघांना. राजा देव झाला असं कुणीच म्हणत नाही.

आता येशूचंच ऐका. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' (योहान १४:२८). 'तू जो एकच खरा देव' (योहान १७:३), हे तो प्रार्थनेत पित्याला म्हणतो. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). 'मला उत्तम का म्हणतोस? एकावाचून, म्हणजे देवावाचून, कोणी उत्तम नाही' (मार्क १०:१८). पेत्राचं पहिलं प्रवचन: देवानं येशूला प्रभू व ख्रिस्त 'करून ठेवलं' (प्रेषितांची कृत्ये २:३६). जो मुळातच प्रभू आहे त्याला कोण कसं करणार? आणि शेवटी १ करिंथ १५:२८, पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होईल.

यशया ४५:२३ बद्दल म्हणाल तर तीच ओळ पौल रोम १४:११ मध्ये देवाच्या न्यायासनाबद्दल वापरतो. फिलिप्पैतही गुडघे टेकतात ते 'देव जो पिता त्याच्या गौरवासाठी'. दूताला दिलेला मान पाठवणाऱ्यापर्यंत पोचला, एवढंच.

ओसरी

हे मात्र वजनदार आहे. आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही :)

शाईचा_डाग

@दुसरी_बाजू, धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रतिसाद. १ इतिहास २९:२० मला छळतो हे कबूल करतो.

पाठवलेल्याची रीत बऱ्याच गोष्टी उलगडते, पण एका जागी तिची दमछाक होते. राजदूत राजाच्या वतीनं बोलतो, सही करतो, नमस्कार घेतो. पण दूताच्या जन्माआधीचा राजाचा इतिहास त्याच्या नावावर चढत नाही. १ करिंथ ८:६ पहा. पौल तिथे 'श्रवण कर' ची कबुलीच हातात घेतो. ग्रीकमध्ये तिच्यात तीन शब्द आहेत: कुरिओस, देव, एक. पौल त्यांची वाटणी करतो. एक देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही. आणि एक प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही. 'एक देव' म्हणून मग त्याच्या बाहेर 'आणि एक माणूस' जोडलेला नाही. त्या एकाच्या कबुलीच्या आत दोघे आहेत. आणि निर्मिती दोघांच्या हातून आहे. यशया ४४:२४ मध्ये परमेश्वर म्हणतो की मी एकट्यानं आकाश पसरलं. निर्मितीत हाताखाली कोणी नव्हतं हा तर त्याचा मुद्दाच आहे.

रिचर्ड बॉकम हे अभ्यासक याला 'दैवी ओळख' म्हणतात. त्यांचं म्हणणं, यहुदी लोक 'देवाचं सत्त्व काय' असं विचारतच नसत, ते विचारत 'देव कोण'. त्याचं उत्तर: ज्यानं सर्व निर्माण केलं तो, सर्वांवर राज्य करतो तो, ज्याला ते नाव आहे तो. पौल या तिन्ही ठिकाणी येशूला आत घेतो. नायसियाचा 'सत्त्व' हा शब्द ग्रीक प्रश्नाला दिलेलं ग्रीक उत्तर आहे. मला ही मांडणी पटते, पण तिच्यावर टीकाही भरपूर झाली आहे हे सांगितलं पाहिजे. हनोखाचा मनुष्याचा पुत्रही सिंहासनावर बसतोच, मग 'आत' आणि 'बाहेर' ही रेघ इतकी ठळक होती का, असं विचारणारे आहेत.

नमनाबद्दल: प्रकटीकरणात योहान दूताच्या पाया पडतो तेव्हा दूत त्याला दोनदा अडवतो, 'असं करू नकोस, देवाला नमन कर' (१९:१०, २२:९). त्याच पुस्तकात पाचव्या अध्यायात सगळी सृष्टी सिंहासनावर बसलेल्याला आणि कोकराला, म्हणजे येशूला, एकाच दमात स्तुती अर्पण करते. तिथे कुणी अडवत नाही.

दुसरी_बाजू

नमनाच्या शब्दाकडे बघा. 'प्रोस्कुनेओ' राजालाही चालतो. खास देवपूजेचा शब्द 'लात्रेऊओ', आणि तो नव्या करारात येशूसाठी स्पष्टपणे कुठेच नाही. प्रकटीकरण २२:३ मध्ये 'त्याचे दास त्याची सेवा करतील' आहे, पण 'त्याची' म्हणजे देवाची की कोकराची?

व्याकरणवेडी

मला बोलावणं धाडल्यासारखंच झालं हे. २२:३ मध्ये 'देवाचे व कोकराचे राजासन' असं दोघांचं नाव घेऊन लगेच 'त्याचे दास', 'त्याचे मुख', 'त्याचे नाव' अशी एकवचनी सर्वनामं येतात. व्याकरणानं दोन्ही अर्थ निघतात. लेखकाला फरक करायचा नव्हता असं मला वाटतं, पण हे वाटणं आहे, सिद्धता नाही.

योहान १:१ वर कुणी घसरायच्या आत सांगते. 'शब्द देव होता' (इथे 'शब्द' म्हणजे येशू) यात ग्रीकमध्ये 'देव' या शब्दाला निश्चित उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखं) नाही, म्हणून 'एक देव होता' असं काही जण करतात. पण विधेय क्रियापदाच्या आधी आलं की ग्रीकमध्ये उपपद बरेचदा गळतंच. उपपद घातलं असतं तर 'शब्द म्हणजेच तो देव, ज्याच्याजवळ तो होता' असा गोंधळ झाला असता. वाक्याचा झोक 'देव जे काही होता ते शब्द होता' असा आहे. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपलं वाक्य भाषेच्या कृपेनं दोन्ही अंगांनी मोकळं राहतं.

आणि १:१८ मध्ये तर हस्तलिखितांतच फरक आहे. काहींत 'एकुलता एक पुत्र', काहींत 'एकुलता एक देव'. इसवी सन २०० च्या आसपासचे मानले जाणारे दोन पपायरस 'देव' म्हणतात. तेव्हा हे दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपात लिहीत, त्यामुळे फरक अवघ्या एका अक्षराचा! मी स्वतः 'देव' कडे झुकते.

पाऊसवाट

भाबडा प्रश्न. हे सगळं म्हणजे अवतारच ना? एवढं अवघड का करायचं?

शाईचा_डाग

भाबडा अजिबात नाही. शब्द ओळखीचा म्हणून तो लावावासा वाटतो, पण दोन ठिकाणी चप्पल चावते. अवतार कार्य संपलं की आवरता घेतात, आणि अवतार अनेक असतात. इथे योहान म्हणतो 'शब्द देही झाला'. एकदाच, आणि तो देह टाकून दिला असं कुठे म्हटलेलं नाही. पुनरुत्थित येशू जखमांसकट दिसतो. देवानं माणसाचं नुसतं सोंग घेतलं असं म्हणणारे लोक पहिल्या काही शतकांत होतेच, आणि चर्चनं त्यांना आरियसइतक्याच जोरानं नाकारलं. ४५१ साली खल्केदोनला 'खरा देव, खरा माणूस, व्यक्ती एकच' असं ठरलं. म्हणून ख्रिस्ती मराठीत 'देहधारण' म्हणतात.

@ओसरी, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: त्या शब्दांत, नाही. 'मी देव आहे' हे वाक्य चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी नाही. सर्वांत जवळ जातं ते योहान ८:५८, 'अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे', आणि ऐकणारे धोंडे उचलतात. पण योहान हे चौघांत शेवटचं मानतात, म्हणून मी मार्काकडे जातो.

मार्क ६:४८. वादळात शिष्य वल्ही मारून थकलेत, येशू पाण्यावरून चालत येतो आणि 'त्यांच्याजवळून पुढे जाणार होता'. लहानपणापासून हे वाक्य मला खटकायचं. मदतीला आला आणि पुढे का चालला? मग ईयोब ९ वाचला. आठव्या ओळीत समुद्राच्या लाटांवर चालणारा देव आहे, आणि अकराव्या ओळीत 'तो माझ्याजवळून जातो पण मला दिसत नाही'. सिनायवर मोशेपुढूनही परमेश्वर असाच 'जातो'. आणि मार्कातला येशू नावेकडे पाहून म्हणतो, 'भिऊ नका, मी आहे.' मार्क कुठेही 'येशू देव आहे' असं लिहीत नाही. तो फक्त देवाची चाल येशूच्या पायांना देतो आणि गप्प बसतो.

काठावरचा

मार्काचं हे सुंदर आहे, मान्य. पण यातून मार्काला काय वाटत होतं ते कळतं. येशूला स्वतःबद्दल काय वाटत होतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुम्ही एकावरून दुसऱ्यावर हळूच उडी मारलीत.

शाईचा_डाग

पकडलंत. उडी मारली खरी. मी धागा बायबलमधल्या श्रद्धेबद्दल काढला, येशूच्या मनाबद्दल नाही, तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं.

तरी श्रद्धा किती मागे जाते यासाठी एक तुकडा ठेवतो. १ करिंथ १६:२२. पौल ग्रीक बोलणाऱ्या करिंथकरांना ग्रीकमध्ये लिहिता लिहिता मध्येच अरामी शब्द टाकतो: 'मारानाथा'. भाषांतर देत नाही, म्हणजे त्यांना ते पाठ होतं. अरामी बोलणाऱ्या पहिल्या यहुदी शिष्यांकडून आलेला हा उद्गार, पौलाच्या पत्रांहूनही जुना. 'मारान' म्हणजे आमचा प्रभू.

व्याकरणवेडी

फक्त अक्षरं कुठे तोडायची ते हस्तलिखितांतून ठरत नाही. 'मारान अथा' केलं तर 'आमचा प्रभू आला आहे', 'माराना था' केलं तर 'आमच्या प्रभू, ये'. पहिली घोषणा, दुसरी प्रार्थना. प्रकटीकरणाच्या शेवटी ग्रीकमध्ये 'ये, प्रभू येशू' असं आहे, म्हणून बहुतेक जण दुसरं घेतात.

दुसरी_बाजू

दुसरं घेतलं तर ती मशीहाला केलेली प्रार्थना आहे, हे मी नाकारत नाही. आम्हीही ती म्हणतो. देवाच्या उजवीकडे बसवलेल्याला हाक मारली तर तो देवच असला पाहिजे असं मात्र मला अजून दिसत नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन मरताना 'प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' म्हणाला, आणि त्याच्या थोडंच आधी त्याला येशू देवाच्या उजवीकडे उभा दिसला होता. दोघे वेगळे दिसले त्याला.

शाईचा_डाग

दोघे वेगळे दिसले, आणि मरताना आत्मा सोपवला तो येशूकडे. स्तोत्र ३१:५ मध्ये तो परमेश्वराच्या हाती सोपवला आहे. आपण दोघंही तीच दोन वाक्यं धरून बसलोय, फक्त तुम्ही पहिल्यावर जोर देता आणि मी दुसऱ्यावर.

ओसरी

इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय राहिला ना? तिथे स्तोत्र १०२ पुत्राला लावलंय असं पुसटसं आठवतंय.

शाईचा_डाग

हो, १:१०-१२. 'हे प्रभू, प्रारंभी तू पृथ्वीचा पाया घातलास' ही ओळ. मूळ स्तोत्र एका पिचलेल्या माणसाचं परमेश्वरापुढचं गाऱ्हाणं आहे, त्यात मशीहाचं नावही नाही. इब्रीचा लेखक ते सरळ पुत्राला उद्देशून म्हणतो. हिब्रू आणि ग्रीक स्तोत्रांत इथे थोडा फरक आहे, तो शेजारी शेजारी ठेवून पाहायचाय. @व्याकरणवेडी, रविवारी वेळ आहे का?

व्याकरणवेडी

आहे. पण स्तोत्राचा तेविसावा श्लोक आधी वाचून या, गडबड तिथून सुरू होते.